अण्णांचे राहिलेले थांबे

अण्णांनी २७ वर्षं एसटी चालवली. सुरुवातीची नऊ नारायणगाव आगारात, पुढची सगळी शिवाजीनगरला. पुणे–नाशिक रस्ता त्यांना इतका तोंडपाठ आहे की अजूनही रात्री झोप लागत नसली की ते मनातल्या मनात नाशिक फाट्यापासून गाडी काढतात आणि बहुतेक वेळा मंचरच्या आतच त्यांचा डोळा लागतो. पण एसटी थांबते ती थांब्यावर. रस्त्याकडेच्या कितीतरी गोष्टी त्यांनी वर्षानुवर्षं नुसत्या काचेतून पाहिल्या. उतरून, जवळ जाऊन, हात लावून एकही नाही.

दिवाळीत तर ते आमच्या वाट्याला यायचेच नाहीत. सगळं पुणं गावाला निघालेलं असायचं, जादा गाड्या सुटायच्या, एका ड्यूटीला जोडून दुसरी. आमच्या घरी नरकचतुर्दशीची आंघोळ कधी दुपारी व्हायची, कधी दुसऱ्या दिवशी. आई त्यांच्या वाटचं उटणं वाटीत भिजवून झाकून ठेवायची.

यंदा भाऊबीज उरकली, लेकीची शाळा अजून बंद होती. मी अण्णांना म्हटलं, "गाडी मी चालवते. थांबायचं कुठं ते तुम्ही सांगायचं." ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर कॅलेंडरचं जुनं पान मागून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत बसले. सकाळी पान माझ्या हातात दिलं. "चाकण – किल्ला. खोडद – तबकड्या, जवळून. बोरी – राख. आळे – रेडा. अणे घाटाअलीकडे – दगडी पूल, खाली उतरून. दर्याबाई. निघोज – रांजण." आणि सगळ्यात शेवटी, अधोरेखित करून, एकच शब्द: "मास्तर."

दिवस पहिला: कर्वेनगर ते नारायणगाव

सहाला निघालो. मागच्या सीटवर आई आणि लेक, दोघींच्या मध्ये फराळाचा डबा. पुढं माझ्या शेजारी अण्णा. मोशीपासून चाकणपर्यंत गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि अण्णांचा उजवा पाय पायपुसण्यावर सारखा दाबला जात होता. मी दोन गाड्यांमधलं अंतर जरा जास्त ठेवायला लागले तसा पाय शांत झाला.

चाकणचा संग्रामदुर्ग गावाच्या पोटातच आहे. कारखान्यांचं चाकण सगळ्यांना माहीत असतं, पण वस्तीमध्ये भुईकोट दडलाय हे शेजारून जाणाऱ्यालाही कळत नाही. काही बुरूज, थोडी तटबंदी, खंदकाच्या खुणा, एवढंच शिल्लक आहे. १६६० साली शायिस्ताखान प्रचंड फौज घेऊन इथं आला तेव्हा आत फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसं होती. खानाला किल्ला घ्यायला ५६ दिवस लागले, तेही बुरुजाखाली सुरुंग लावून. नंतर फिरंगोजींना खानानं चाकरी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही आणि महाराजांकडे परत गेले.

किल्ला बघून निघालो तर शेजारच्याच बोळात तीन पोरांनी दिवाळीचा किल्ला केलेला. दिवाळीचे किल्ले आपण सगळ्यांनीच केलेत: दगडविटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, चिखल थापायचा, हळीव पेरायचे. पण हा किल्ला सपाट होता. डोंगर नव्हताच. लेकीनं विचारलं, "असा का केलाय?" त्यातला मोठा म्हणाला, "हा भुईकोट आहे. आमचाच किल्ला आहे. डोंगर कशाला?" चारी बाजूंनी खंदक खणून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता, वर पाणी. एका कोपऱ्यातला बुरूज मुद्दाम अर्धवट ढासळलेला ठेवला होता आणि त्याच्या तळाशी बोटभर भोक. भोकाच्या तोंडाला कुंकू लावलेलं. "इथं सुरुंग फुटला," धाकट्यानं बोट घालून दाखवलं. त्या बोटाला चिखल आणि कुंकू दोन्ही लागलं होतं. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून दहाची नोट काढून किल्ल्यापुढच्या ताटलीत ठेवली.

राजगुरुनगरला भीमेच्या काठावर हुतात्मा राजगुरूंचा वाडा आहे. शिवराम हरी राजगुरू १९०८ साली याच गावात जन्मले. आम्ही नमस्कार करून निघालो. आता बाहेरून नवा रस्ता झाला आहे, त्यामुळे गावात शिरायचं तर मुद्दाम वळावं लागतं. वळावं असं मला मनापासून वाटतं. २३ व्या वर्षी फासावर गेलेल्या मुलाचं घर आहे ते.

तिथून पुढं मंचरपर्यंत सगळा बैलगाड्याचा मुलूख. पुणेकर माणूस पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बघून कंटाळलेला असतो, पण इथं बैलांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. आम्हाला पेठच्या अलीकडे एक दिसला. पांढराशुभ्र खिलार, कपाळावर गुलाल, वर सोनेरी अक्षरांत "घाटाचा राजा" आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या भावकीचे फोटो. थोडं पुढं एका बंगल्याच्या फाटकावर दोन्ही बाजूंना सिमेंटचे बैल, गळ्यात खरे घुंगुरमाळांचे पट्टे. अण्णा म्हणाले, हंगामात या गावांमधून गाडी नेताना टपापर्यंत माणसं असायची. शर्यतीचा घाट म्हणजे चढाची धावपट्टी. चांगली बारी तो अकरा-बारा सेकंदांत चढून जाते. मध्ये कित्येक वर्षं शर्यतींवर बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये कायदाही वैध ठरवला. बंदीच्या काळात सुद्धा इथल्या लोकांनी बैल विकले नाहीत, नुसते सांभाळले, हे त्या फ्लेक्सखाली चहा विकणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्यांच्याही गोठ्यात एक होता. आम्हाला आत नेऊन दाखवला. उन्हाळ्यात त्याच्यासाठी पंखा लावतात.

नारायणगावात लॉजवर सामान टाकून दुपारी खोडदला गेलो. अण्णांच्या यादीतला हा सगळ्यात जुना थांबा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते इकडची मुक्कामी गाडी करायचे. कांद्याच्या वावरांमधून आधी सिमेंटचे गोल मनोरे उभे राहताना दिसले, मग त्यांवर लोखंडी फासळ्या, मग एके दिवशी अख्खी तबकडी. गाडीतली माणसं म्हणायची, सरकार पाऊस मोजणार आहे. कुणी म्हणायचं, पाकिस्तानचं बोलणं ऐकायचं यंत्र आहे.

ती जीएमआरटी, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा ३० तबकड्या. त्यांतल्या १४ खोडदजवळ दाटीनं आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्या मिळून एकाच प्रचंड दुर्बिणीसारखं काम करतात. आत जायला परवानगी लागते. सर्वांसाठी दारं उघडतात ती २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला. पण एवढ्या मोठ्या वस्तू लपत नाहीत. वावराच्या बांधावरून एक तबकडी अगदी पुढ्यात होती. मी मोबाइल बंद केला. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की आपल्या फोनचा गोंगाटसुद्धा त्याला बुडवतो.

लेक म्हणाली, "आई, ही तर आरपार दिसतेय!" खरंच होतं ते. तबकडीतून मागचं आभाळ दिसत होतं. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची युक्तीच ती. लांब तरंगांना पकडायला भरीव पत्रा लागत नाही. त्यांनी स्टीलचे दोर ताणले आणि त्यांवर बारीक तारांची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून तबकडी हलकी राहिली आणि खर्च आवाक्यात आला. बांधाखाली दोन बाया कांद्याची रोपं लावत होत्या. त्यांच्यातली एक मान वर न करता म्हणाली, "थांबा जरा, आता फिरंल ती." आणि ती फिरली. काहीही आवाज न करता, सूर्यफुलासारखी. मागं लांबवर दुसरी फिरत होती, तिच्यामागं तिसरी. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. किती वेळ उभे होतो ते माहीत नाही. आई शेवटी म्हणाली, "आहो, ऊन लागतंय पोरीला," तेव्हा निघालो.

या भागानं आकाशाशी बोलायची सवय आधीपासूनच लावून घेतलेली आहे. जवळच आर्वीला विक्रम साराभाईंच्या नावाचं उपग्रह भूकेंद्र आहे. सत्तरच्या दशकात परदेशी लावलेला फोन इथल्या मोठ्या तबकडीवरून उपग्रहाकडे जायचा.

संध्याकाळी स्टँडवर चक्कर मारली. अण्णांना ओळखणारं आता तिथं कुणी नाही. पण ते एका बाकड्यावर बसले आणि बोलायला लागले. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथं फडमालकांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे कारभारी यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. पहाटेच्या गाडीला धोतर-टोपीतली पाच-सहा माणसं चढली की अण्णा ओळखायचे. परतीच्या गाडीला तीच माणसं. सुपारी ठरली असेल तर पेढे वाटायची, हवा तो फड मिळाला नसेल तर खिडकीबाहेर बघत बसायची. विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या म्हणून मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत या भागात अजूनही आवाज खाली करून सांगतात. २००२ साली त्या गेल्या. आता राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना त्यांच्या नावानं पुरस्कार देतं.

रात्री मासवडी. नावात मासा असला तरी हा शाकाहारी पदार्थ आहे. खानावळीतल्या काकूंनी आईला सरळ चुलीपाशी बोलावलं. बेसन तिखट-हिंगाच्या उकळत्या पाण्यात वैरून त्यांनी घट्ट पिठलं केलं, ते ओल्या फडक्यावर उलथलं आणि हात पाण्यात बुडवत थापत गेल्या. वाफ निघत होती, बोटं लाल झाली होती, हात थांबत नव्हता. वर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरलं, मग फडक्याचं एक टोक उचलून अख्खी वळकटी केली आणि दोन्ही बाजूंनी दाबून तिला माशाचा आकार दिला. सुरीनं कापली तेव्हा प्रत्येक वडीत सारणाचा काळपट डोळा. वर झणझणीत रस्सा, शेजारी बाजरीची भाकरी. आई म्हणाली, "आमच्यात फडकं इतकं ओलं घेत नाहीत." काकू म्हणाल्या, "म्हणून चिकटत असंल." आईनं मान डोलावली. घरी आल्यापासून आमच्याकडे दोनदा मासवडी झाली आहे आणि दोन्ही वेळा फडकं ओलंचिंब होतं.

दिवस दुसरा: बोरी, आळे, अणे घाट, कान्हूर पठार

सकाळी धुकं होतं. उसाच्या कडेला जागोजागी वनखात्याचे बिबट्यापासून सावध करणारे फलक. कुकडीची धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि बिबट्या उसातच राहायला लागला. आता उसात जन्मलेल्या बिबट्यांना जंगल माहीतच नाही. इथल्या लोकांसाठी हा रोजचा जिवाचा प्रश्न आहे. वाटेत रानात निघालेल्या माणसांच्या हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं भजन होतं.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर राख आहे. ज्वालामुखीची राख. महाराष्ट्राचा सगळा काळा दगड ज्वालामुखीचाच, पण ही राख त्याची नाही. ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, हजारो किलोमीटर उडत आलेली. टोबाचा सगळ्यात मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याही आधीच्या, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. राखेबरोबर इथं अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली, त्यामुळे त्या वादाला महत्त्व आहे: राखेचं वय कळलं की त्या माणसाचं कळतं.

नदीकाठच्या मातीत फिकट करडा थर दिसत होता. एका गुराख्यानं दाखवला नसता तर मी चुन्याची माती समजून पुढं गेले असते. खाली पडलेली चिमूटभर राख लेकीनं दोन बोटांत चोळली. "आई, ही रांगोळीपेक्षा बारीक आहे." तीन दिवसांपूर्वीच दारातली रांगोळी काढलेली तिची बोटं होती ती, तिला बरोबर कळलं. मग तिनं ती तिथंच परत ठेवली आणि वरून हात फिरवून सपाट केली. अण्णा म्हणाले, त्यांच्या गाडीत एकदा डेक्कन कॉलेजचे म्हणून दोघं बसले होते, पिशवीत दगड. मास्तरनं लगेजचं तिकीट फाडायचं का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, हे दगड फार मोलाचे आहेत. तेव्हा सगळी गाडी हसली होती. "आपण हसायला नको होतं," अण्णा म्हणाले.

आळे तिथून जवळ. आळेफाट्यावरून नगरकडे वळलं की गाव लागतं आणि तिथं रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा. भावंडं नेवाशाहून आळंदीकडे निघाली तेव्हा तो बरोबर होता, आळ्याला त्यानं देह ठेवला आणि ज्ञानदेवांनी स्वतः त्याला समाधी दिली, अशी परंपरा सांगते. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ मध्ये. म्हणजे सातशेहून जास्त वर्षं हे गाव एका जनावराची आठवण सांभाळून आहे. देवळं खूप पाहिली, पण रेड्यापुढं हात जोडून उभी असलेली माणसं बघून माझा घसा दाटून आला. ज्या जनावराचं नाव आपण शिवी म्हणून वापरतो, त्याच्या पायाशी फुलं. एक म्हातारे वारकरी लेकीला म्हणाले, "बाळा, त्यानं वेद म्हटले म्हणून मोठा नव्हं. माउलींनी त्याच्यात नि आपल्यात फरक केला नाही, म्हणून." लेकीनं विचारलं, रेड्याला काय आवडतं? ते विचारात पडले आणि म्हणाले, "कडबा. आन् डुंबायला पाणी."

देवळाबाहेर पोरांचा किल्ला होता, शिवनेरी. जुन्नर तालुक्यात दुसरा कुठला करणार! पायथ्याला हळिवाचं दाट शेत, त्यात प्लॅस्टिकचा बिबट्या लपवलेला आणि जवळ काड्यापेटीच्या काड्यांचा पिंजरा, दार उघडं. मावळ्यांच्या शेजारी पिंजरा. पोरांना जे रोज दिसतं ते त्यांनी किल्ल्यावर आणलं होतं.

बेल्हे सोडलं की गुळुंचवाडी. इथं अणे घाटाच्या पायथ्याशी ओढ्यावर दगडी पूल आहे, तो कुणी बांधलेला नाही. ओढ्याच्या पाण्यानं खालचा कच्चा भाग पोखरून नेला, वरचा टणक खडक कमानीसारखा शाबूत राहिला. शेजारी मळगंगेचं देऊळ. महामार्गावरून ट्रक धडधडत घाट चढतात आणि खाली हे असं काही आहे याचा पत्ता नसतो. अण्णांना पत्ता होता, कारण एकदा घाटाच्या तोंडाशी गाडी गरम झाली आणि पाणी आणायला क्लीनरसारखे मास्तर खाली उतरले. वर येऊन म्हणाले, "ड्रायव्हर, खाली देवानं पूल बांधलाय." अण्णांना गाडी सोडून जाता येईना. त्या दिवसापासून हा पूल यादीत होता.

आम्ही उतरलो. आईचे गुडघे दुखतात, ती माझ्या दंडाला धरून एकेक पायरी आली. कमानीखाली गार होतं. पावसाळा सरल्याला महिना झाला होता तरी ओढ्याला पातळ धार होती आणि तिचा आवाज वरच्या दगडावर आदळून दुप्पट होऊन परत येत होता. अण्णांनी छताला हात पुरतोय का पाहिलं, पुरला नाही. मग बाजूच्या दगडावर तळवा टेकवला. गाडी सुरू असताना बॉनेटवर हात ठेवून इंजिनाचा अंदाज घ्यायची त्यांची सवय आहे, अगदी तसा. वरून एक ट्रक गेला. "कळतंय का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. "अजिबात हलत नाही." आम्ही तिथं चकल्या खाल्ल्या.

घाट चढून अण्याचं पठार. इथं रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला मोठमोठ्या कढयांमधून आमटी शिजते आणि हजारो माणसं बाजरीच्या भाकरीबरोबर ती जेवतात. आमची वेळ ती नव्हती. टाकळी ढोकेश्वरच्या टेकडीवरचं लेणं खालूनच पाहिलं, कारण आता अण्णांना घाई झाली होती. निघाल्यापासून पहिल्यांदाच ते म्हणाले, "जरा ओढ की गाडी."

मास्तर कान्हूर पठारला राहतात. एसटीत वाहकाला मास्तरच म्हणतात. नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. अकरा वर्षं ते अण्णांचे जोडीदार होते. निवृत्तीनंतर फोनवर बोलणं व्हायचं, मग ऐकू कमी यायला लागलं आणि फोनही थांबले. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर लसूण सोलत बसले होते. अण्णा अंगणात उभे राहिले. मास्तरांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि म्हणाले, "गाडी किती लेट?"

"बारा वर्षं," अण्णा म्हणाले.

रात्री दोघांनी झोपायचं नाव घेतलं नाही. कुठल्या दिवाळीत गाडीत बाळंतपण झालं, कुणी फराळाचा डबा विसरून उतरलं आणि तो चार फेऱ्या गाडीतच फिरला, शेवटी मालकीण त्याच थांब्यावर हात करून उभी. आई आणि मास्तरांच्या घरच्या काकू एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या. दोघींनी एवढी वर्षं एकाच गाडीची वाट पाहिली होती, दोन वेगवेगळ्या गावांत.

दिवस तिसरा: वडगाव दर्या, निघोज आणि घर

मास्तर सकाळी आमच्याबरोबर वडगाव दर्याला आले. वरून पाहिलं तर नुसतं कोरडं माळरान. मग एकाएकी जमीन दुभंगते, पायऱ्या खाली उतरतात आणि दरीत झाडी, माकडं, दर्याबाई-वेल्हाबाईचं ठाणं. कपारीच्या छतातून चुनखडीचे झुंबरासारखे लवणस्तंभ लोंबतात. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात हे फार क्वचित बघायला मिळतं. झिरपणारं पाणी विरघळलेला चुना बरोबर आणतं, थेंब टोकाशी थबकतो, पाणी जातं आणि चुन्याचा कण मागं राहतो. एका टोकाला थेंब लटकलेला होता. आम्ही पाचही जण तो पडायची वाट बघत उभे राहिलो. लेक मोजत होती, ४१ पर्यंत मोजून झालं तेव्हा पडला. काही टोकं तोडलेली दिसली. एवढ्या काळात तयार झालेली वस्तू कुणीतरी घरी शोकेसमध्ये ठेवायला नेली असणार. फार वाईट वाटलं.

मास्तरांना घरी सोडलं. गाडी सुरू केली तशी त्यांनी टपावर बोटांनी दोनदा टकटक केलं. डबल बेल. अण्णा समोर बघत होते.

निघोजला कुकडी पुन्हा भेटली, पण बोरीची संथ कुकडी ही नव्हे. इथं तिनं काळ्या खडकाच्या पात्रात रांजण कोरलेत. खाचेत अडकलेले गोटे भोवऱ्यात गरगर फिरत राहिले आणि फिरता फिरता दगड कातत गेले. काही वाटीएवढे, काहींत माणूस उभा मावेल. कडा इतक्या गुळगुळीत की कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारख्या. दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं, मधली नदी म्हणजे जिल्ह्याची हद्द: अलीकडे अहिल्यानगर, पलीकडे पुण्यातलं टाकळी हाजी. खडक निसरडा आहे आणि धरणातून पाणी सोडलं की प्रवाह वाढतो. इथं माणसं बुडाली आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी कडेपासून लांबच राहावं, हे कळकळीनं सांगते.

एका कोरड्या उथळ रांजणात तळाशी गोटा होता, लिंबाएवढा, पूर्ण गोल. अण्णा खाली बसले, हात घालून तो उचलला, तळव्यावर फिरवला. "एवढ्याशानं एवढं केलं?" मग तो परत आत ठेवला, आणि ठेवताना थोडा फिरवला. दगडावर दगड घासल्याचा आवाज आला.

शिरूरला जेवण, रांजणगावला गणपतीचं दर्शन, वाघोलीत दिवाळीहून परतणाऱ्या सगळ्या पुण्याबरोबर दीड तास. अंधार पडल्यावर घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातली चहाची गाळणी सापडेना. खाली पार्किंगमध्ये गेले तर सोसायटीच्या पोरांच्या किल्ल्यामागं ती दांड्यानं चिखलात रोवलेली, जाळी आभाळाकडे. "खोडद," लेक म्हणाली. प्रतापगडाच्या पायथ्याला दोन विटांवर चपटा दगड टाकून पूल झाला होता. चिखलात बोटानं कोरलेले चार-पाच रांजण, प्रत्येकात एकेक गोटी. सिंहासनाच्या उजव्या हाताला, मावळ्यांच्या आधी, मातीचा काळा रेडा, पुढ्यात चार कडब्याच्या काड्या आणि बाटलीच्या झाकणात पाणी.

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवायचा असं पोरांचं ठरलं होतं. अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. लेकीनं खेळण्यातली लाल एसटी आणली आणि रस्त्यावर धरून विचारलं, "आजोबा, कुठं उभी करू?"

"पुलाच्या अलीकडं घे," अण्णा म्हणाले. "आणि जरा कडेला. माणसं उतरायची आहेत."